पिकअपला दोन दारे की चार?

पावसाळा सरत आला की मुंबई-आग्रा महामार्गावर पिंपळगाव बसवंतच्या आसपास टोमॅटोने भरलेल्या पिकअप गाड्यांची रांग लागते. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतून हा माल बाजार समितीच्या आवारात येतो. विद्यार्थी मित्रांनो, अशी रांग पाहण्याची संधी मिळाली तर गाड्यांची दारे मोजा. जवळजवळ प्रत्येक गाडीला दोनच दारे दिसतील. पुढे चालक व त्याच्या शेजारी एक-दोन माणसे बसतील एवढी केबिन आणि मागे सगळा हौदा. याला एकेरी केबिनची पिकअप म्हणतात.

आता एखाद्या धरणाच्या किंवा रस्त्याच्या कामावर जाऊन पाहा. तिथे वेगळीच पिकअप उभी असते. तिला चार दारे, आत दोन ओळींत पाच माणसांची जागा आणि मागे आखूड हौदा. ही दुहेरी केबिन. महिंद्राची बोलेरो कॅम्पर ही आपल्याकडची ओळखीची दुहेरी केबिनची गाडी.

कारखानदाराने एका ठिकाणी दोन दारे आणि दुसऱ्या ठिकाणी चार दारे का द्यावीत? एखादा प्रकार काही वर्षे विकून तो बंद का करावा? नाशिककरांना हा प्रश्न परका वाटू नये. बोलेरो आणि २००२ साली आलेली स्कॉर्पिओ या गाड्या महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात बनत आल्या आहेत आणि याच कंपनीचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला आहे.

लांबीचा हिशोब

पिकअपची एकूण लांबी मनाला येईल तेवढी वाढवता येत नाही. गाडी लांब झाली की तिला वळायला जास्त जागा लागते आणि द्राक्षबागेच्या बांधावरची वाट काही रुंद होत नाही. म्हणून लांबी ठरलेली आहे असे धरू. मग केबिनला दिलेला प्रत्येक सेंटिमीटर हौद्यातून कापावा लागतो.

आकडे घेऊन पाहू. समजा, एकेरी केबिनच्या गाडीचा हौदा २.५ मीटर लांब व १.७ मीटर रुंद आहे. टोमॅटोचा प्लॅस्टिकचा क्रेट (शेतकरी त्याला जाळीही म्हणतात) ५४ सेंमी लांब, ३६ सेंमी रुंद व २९ सेंमी उंच असून त्यात २० किलो माल बसतो. क्रेट आडवे लावले तर हौद्याच्या लांबीत ६ आणि रुंदीत ३, म्हणजे एका थरात १८ बसतात. चार थरांत ७२ क्रेट, म्हणजे १,४४० किलो माल झाला. आता मागच्या बाकासाठी व दारांसाठी एक मीटर कापून घ्या. हौदा १.५ मीटरचा उरला. लांबीत ४, रुंदीत ३, चार थरांत ४८ क्रेट, म्हणजे ९६० किलो. क्रेटमागे २० रुपये भाडे धरले तर एका खेपेला ४८० रुपये कमी मिळाले. डिझेल मात्र जवळजवळ तेवढेच जळले. हंगामात शंभर खेपा करणाऱ्याने हा आकडा पुढे नेऊन पाहावा. बाजारातल्या रांगेत चार दारे का दिसत नाहीत ते मग कुणी सांगावे लागणार नाही.

उलट हौदा वाढवण्याकडेच ओढा असतो. महिंद्राने २०२३ मध्ये आणलेल्या बोलेरो मॅक्स पिकअप मालिकेत हौद्याची लांबी ३,०५० मिलिमीटरपर्यंत आणि भारक्षमता दोन टनांपर्यंत गेली.

हौदा मागे सरकवला तर?

एखादा हुशार विद्यार्थी विचारील, हौदा कापायचाच कशाला? तो तसाच ठेवून एक मीटर मागे सरकवावा. लांबी थोडी वाढली तर वाढली! याचे उत्तर तरफेच्या धड्यात आहे.

पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतराला व्हीलबेस म्हणतात. तो ३ मीटर धरू. एकेरी केबिनच्या गाडीत हौद्याचा मध्य मागच्या आसाच्या किंचित पुढे, समजा २० सेंमी पुढे, येतो. हौद्यात १,५०० किलो माल सारखा पसरला आहे. मागचा आस हा टेकू मानून परिबले घ्या, म्हणजे प्रत्येक वजनाला त्याच्या टेकूपासूनच्या अंतराने गुणा. पुढच्या चाकांवर येणारा मालाचा भार १,५०० × ०.२ ÷ ३ = १०० किलो. उरलेला १,४०० किलो मागच्या चाकांवर. इथे सारे ठीक आहे.

आता हौदा एक मीटर मागे न्या. त्याचा मध्य आसाच्या ८० सेंमी मागे गेला. पुन्हा तेच गणित करा: १,५०० × ०.८ ÷ ३ = ४०० किलो. पण या वेळी चिन्ह उलटे आहे! माल पुढच्या चाकांना दाबण्याऐवजी ४०० किलोंनी उचलतो आहे. मागच्या आसावर १,५०० ऐवजी १,९०० किलो पडतात. रिकाम्या गाडीत पुढच्या चाकांवर ९५० किलो असतील, तर आता ५५० च उरले. गाडी वळवण्याचे सगळे काम आणि ब्रेकचे मोठे काम पुढची चाके करतात. ती रस्त्याला जेवढी घट्ट दाबलेली, तेवढे घर्षण जास्त. हीच गाडी मुंबईहून परतताना भरलेली असेल आणि कसारा घाट चढत असेल, तर चढामुळे भार आणखी मागे सरकेल. ओल्या रस्त्यावर चालकाने सुकाणू फिरवले तरी गाडी मन मानेल तशी जाईल. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त पोती टाकली की जू वर उचलले जाते, हे आपल्या आजोबांना गणिताशिवाय ठाऊक होते.

तेव्हा दोनच मार्ग उरतात. हौदा कापा, नाहीतर व्हीलबेस वाढवा. अमेरिकेत रस्ते व वाहनतळ ऐसपैस असल्याने दुसरा मार्ग सर्रास वापरतात. आपल्याकडे बहुधा पहिलाच परवडतो.

माणसांचे काय?

द्राक्षाच्या हंगामात नाशिक जिल्ह्यात मजुरांच्या टोळ्या लागतात. छाटणी, विरळणी, मणी औषधात बुडवणे, काढणी, अशी एकामागून एक कामे निघतात. पेठ, सुरगाण्याकडून आलेली दहा-पंधरा माणसे पिकअपच्या हौद्यात उभी राहून बागेकडे निघालेली पाहायला मिळतात. हे धोक्याचे आहे हे सर्वांना माहीत असते, पण धोका नेमका कशात आहे?

‘माणसे उभी राहिल्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि गाडी उलटते’, असे उत्तर बहुतेक जण देतात. ते तपासून पाहू. रिकामी गाडी १,७०० किलोची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमी वर आणि हौद्याचा तळ ८० सेंमी वर आहे असे धरा. चार थर क्रेटचा गुरुत्वमध्य तळापासून ५८ सेंमी, म्हणजे जमिनीपासून १३८ सेंमी वर आला. गाडी आणि १,४४० किलो टोमॅटो यांचा एकत्रित गुरुत्वमध्य काढला तर तो सुमारे १०१ सेंमी येतो. आता टोमॅटोऐवजी ५५ किलोंची बारा माणसे उभी करा. माणसाचा गुरुत्वमध्य त्याच्या उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर असतो. १६० सेंमी उंचीला ८८ सेंमी, म्हणजे जमिनीपासून १६८ सेंमी. पण माणसांचे एकूण वजन फक्त ६६० किलो आहे. एकत्रित उत्तर येते सुमारे ९७ सेंमी. म्हणजे टोमॅटोने भरलेल्या गाडीपेक्षा किंचित कमीच!

खरा धोका फाळक्यापाशी आहे. हौद्याच्या बाजूचा फाळका समजा ४० सेंमी उंच आहे. क्रेटची रास दोरीने आवळून बांधलेली असते. माणूस बांधलेला नसतो आणि त्याचा गुरुत्वमध्य ८८ सेंमीवर असतो. गाडी वळणावर झटकन वळली की जडत्वामुळे त्याचे शरीर सरळ रेषेत जाऊ पाहते. फाळका त्याला गुडघ्याच्या जवळपास अडवतो आणि तोच टेकू बनतो. गुरुत्वमध्य टेकूच्या वर असल्याने शरीर त्यावरून बाहेर उलथते. गाडी चारही चाकांवर उभी राहते आणि माणूस रस्त्यावर पडतो. फाळका मालासाठी आखलेला आहे. माणसासाठी त्याची उंची चुकीची आहे.

कायदाही अशा प्रवाशाच्या बाजूने फारसा उभा राहत नाही. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात दिला.

मग सगळ्यांनी दुहेरी केबिन घ्यावी का? तीत पट्टा लावून पाच माणसे सुरक्षित बसतात, पण टोळी असते बाराची. बागाईतदाराला ती गाडी मालासाठी अपुरी आणि मजुरांसाठीही अपुरी. चार-पाच कामगार, शिडी, हत्यारे, तारेची वेटोळी एवढेच न्यायचे असेल अशा वीज, बांधकाम व रस्त्याच्या कामांना मात्र ती नेमकी बसते. टोळीसाठी खरे वाहन पिकअप नव्हेच, लहान बस आहे. पण तिचे भाडे पडते वेगळे, आणि अडचण तिथेच आहे.

साच्यांची किंमत

आता कारखान्यात शिरू. गाडीजवळ उभे राहून केबिन आणि हौदा यांच्यामध्ये पाहा. तिथे बोटे जातील एवढी फट दिसेल. ही फट मुद्दाम ठेवलेली असते. खाली लांब, शिडीसारखी पोलादी चॅसी असते. खड्ड्यातून जाताना ती थोडी पिळवटते. केबिन व हौदा एकसंध असते तर जोडावर पत्रा फाटला असता. या फटीचा दुसरा फायदा असा की त्याच चॅसीवर निरनिराळ्या केबिन आणि हौदे चढवता येतात. बोनेट, पुढची काच, पुढची दारे दोन्ही प्रकारांत तीच वापरता येतात.

तरीही दुहेरी केबिनसाठी मागची दारे, लांब छप्पर, मागची भिंत हे भाग नवे लागतात. पत्रा दाबून असा प्रत्येक भाग काढायला पोलादी साचे लागतात आणि ते फार महाग असतात. शिवाय पट्ट्यांच्या पकडीपासून धुरापर्यंत नाना चाचण्या पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीई यांसारख्या संस्थांत उत्तीर्ण व्हाव्या लागतात. समजा, या सगळ्याला ६० कोटी रुपये लागले. तीन लाख गाड्या खपल्या तर गाडीमागे २,००० रुपये पडतात. सहा हजारच खपल्या तर गाडीमागे एक लाख! पहिल्या प्रकरणात गिऱ्हाइकाला कळतही नाही. दुसऱ्यात ते दुकानातून परत जाते.

प्रकार बंद होण्याची वेळ बहुधा नियम बदलताना येते. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ हे धुराचे नियम लागू झाले. जुन्या गाड्यांची इंजिने, धुराचे नळकांडे, चाचण्या सारे पुन्हा करावे लागले. जो प्रकार थोडाच खपतो त्यावर हा खर्च कोण करणार? स्कॉर्पिओवर आधारलेली ‘गेटअवे’ ही दुहेरी केबिनची पिकअप आता भारतीय बाजारात नाही. तिची भावंडे ‘पिक अप’ नावाने दक्षिण आफ्रिकेत मात्र एकेरी आणि दुहेरी अशा दोन्ही केबिनांत विकली गेली. तिथे शेतकरी आठवडाभर माल नेतो आणि रविवारी त्याच गाडीत कुटुंब बसते. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने पुढच्या पिकअपचा नमुना दाखवला तोही केपटाउनला, चार दारांचा.

अमेरिकेत याच कारणाने उलटी गंगा वाहिली. १९५७ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ‘ट्रॅव्हलेट’ ही सहा जणांची पिकअप काढली, ती मुख्यतः कामगारांसाठी. १९७३ मध्ये डॉजने पुढच्या बाकामागे थोडी जागा असलेली ‘क्लब कॅब’ आणली. पुढे पिकअप ही घरातली मोटार बनली आणि रिकाम्या हौद्यापेक्षा मागच्या बाकाला मोल आले. टोयोटाने टुंड्रा या मोठ्या पिकअपची एकेरी केबिन २०१७ नंतर तिथे बंद केली.

करही आपला हात फिरवतो. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसवली म्हणून अमेरिकेने १९६४ पासून परदेशी हलक्या मालमोटारींवर २५ टक्के जकात लावली. सुबारू कंपनीने तोड काढली. ‘ब्रॅट’ या आपल्या लहान पिकअपच्या उघड्या हौद्यात तिने मागे तोंड करून दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या बसवल्या आणि ही प्रवासी मोटार आहे असे सांगितले! थायलंडमध्ये मागची दारे नसलेल्या पिकअपवर कर कमी, चार दारांच्या पिकअपवर जास्त. म्हणून तिथे मधल्या आकाराची दीड केबिन जोरात चालली. आपल्याकडे तसा फायदा नाही आणि दीड केबिन रुळलीही नाही.

मोजपट्टी घेऊन गावातल्या एखाद्या उभ्या पिकअपकडे मालकाच्या परवानगीने जा. व्हीलबेस, हौद्याची लांबी व रुंदी, फाळक्याची उंची आणि हौद्याचा मध्य मागच्या आसापासून किती पुढे किंवा मागे आहे ते मोजा. हौद्यात एक टन कांदा सारखा पसरला तर पुढच्या चाकांवरचा भार किती किलोंनी वाढेल किंवा घटेल? मालकाने हौदा मागे वाढवून घेतलेला असेल, तर वाढवण्यापूर्वीचेही उत्तर काढा आणि दोन्ही आकडे त्याला दाखवा.