किनाऱ्यावरचा मुक्काम आणि टॉवेलचा सौदा

उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यातील हरमल, आश्वे या किनाऱ्यांवर सर्फिंग शिकायला पर्यटक येतात. तिथल्या छोट्या हॉटेलांना टॉवेल आणि चादरी लागतातच. व्यापारी बंधूंनी तिथला मुक्काम धंद्याच्या हिशेबाने आखावा. आम्ही सोलापूरचे कापडवाले चार गोष्टी सांभाळतो.

१) वेळ : हंगाम ऑक्टोबर ते मे. डिसेंबरअखेर भाडे चढते, मालकाला बोलायला सवड नसते. म्हणून सप्टेंबरमध्ये, हंगामाची तयारी चालू असताना जावे. पावसाळ्यात अनेक हॉटेले बंद असतात. आधी फोन करावा.

२) खोली : मालक स्वतः गल्ल्यावर बसतो असे हॉटेल निवडावे. भाडे, आगाऊ रक्कम आणि बेत रद्द झाल्यास परतावा, हे तिन्ही आधीच ठरवावे. ओळखपत्र सोबत ठेवावे.

३) परीक्षा : दोन रात्री राहावे. आपला टॉवेल खाऱ्या पाण्यात भिजवून, धुऊन, दोरीवर टाकावा. चौरस मीटरला ६०० ग्रॅमचा टॉवेल हाताला मऊ लागतो, पण दमट हवेत ४०० ग्रॅमचा आधी वाळतो. सर्फिंगवाल्याचा टॉवेल दिवसातून दोनदाही भिजतो. न वाळलेल्या टॉवेलला वास येतो आणि पुढची ऑर्डर जाते.

४) उधारी : वसुलीची मुदत मे महिन्यापूर्वीची ठेवावी. हॉटेलला कुलूप लागल्यावर पैसे कोणाकडे मागणार?

सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. पण गिऱ्हाईक कागद पाहत नाही, दोरीवरचा टॉवेल पाहते.