कुटुंबाची गाडी आणि वेगाची गाडी : एक तुलनात्मक अभ्यास

घर आणि दुकान यांच्यानंतर मध्यमवर्गीय माणूस ज्या वस्तूवर सर्वांत मोठी रक्कम एकदम खर्च करतो ती वस्तू म्हणजे मोटार होय. दुकानाचा गाळा घेताना आपण दहा जणांना विचारतो, कागदपत्रे तपासतो. गाडी घेताना मात्र जाहिरात आणि मित्रमंडळींची वाहवा एवढ्यावर निर्णय होतो. बिबवेवाडी, मार्केट यार्ड, कोंढवा या परिसरात चार पैसे हाती आलेले अनेक तरुण व्यावसायिक आहेत. घरच्यांना मोठी गाडी हवी असते आणि त्यांच्या मनात स्पोर्ट्स कार असते. म्हणून या दोन प्रकारांची तुलना आम्ही वाचकांसमोर ठेवत आहोत. कोणत्याही कंपनीची शिफारस करण्याचा आमचा हेतू नाही.

दोन्ही उदाहरणे पुण्याचीच

तुलनेसाठी फार दूर जाण्याची गरज नाही. टाटा मोटर्सची नेक्सॉन ही गाडी २०१७ मध्ये बाजारात आली, ती पुण्याजवळच्या रांजणगाव येथील कारखान्यातून. हिला क्रॉसओव्हर म्हणतात. म्हणजे दिसायला जीपसारखी उंच, पण बांधणी साध्या मोटारीची. जुन्या सुमोसारख्या गाड्यांत खाली लोखंडी चौकट आणि तिच्यावर वेगळी बॉडी बसवलेली असे. क्रॉसओव्हरमध्ये बॉडी आणि चौकट एकच असते. त्यामुळे वजन कमी होते, इंधन वाचते आणि गाडी कमी हिंदकळते.

दुसरे उदाहरण डीसी अवंतीचे. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने ही स्पोर्ट्स कार २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात मांडली आणि पुढे ती पुण्याजवळच तयार झाली. इंजिन आसनांच्या मागे, रेनॉ कंपनीचे, दोन लिटरचे, टर्बो बसवलेले, सुमारे २५० अश्वशक्तीचे. किंमत ३५ लाखांच्या वर. आज ही गाडी नवी मिळत नाही. नेक्सॉनचे सुरुवातीचे पेट्रोल इंजिन १.२ लिटरचे आणि ११० अश्वशक्तीचे होते. किंमत सहा लाखांच्या आतून सुरू झाली होती.

बांधणीतील फरक

स्पोर्ट्स कार जमिनीलगत का असते? गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी ती वळणावर कमी कलंडते. रुंद टायर रस्ता घट्ट धरतात आणि मोठे ब्रेक वेग लवकर आवरतात. हे गुण खरे आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. उलट वेगाच्या गाड्यांनी साध्या गाड्यांना पुष्कळ दिले आहे. १९५३ साली फ्रान्समधील ल मान येथील शर्यत जग्वार कंपनीच्या डिस्क ब्रेक लावलेल्या गाडीने जिंकली आणि पुढे तेच ब्रेक घरगुती गाड्यांत आले. शर्यतीत गाजलेला टर्बोही आज नेक्सॉनसारख्या गाडीत आहे.

परंतु हीच ठेंगणी बांधणी आपल्या गल्लीत अडचणीची ठरते. सुरुवातीच्या नेक्सॉनचे पोट जमिनीपासून २०९ मिलिमीटर उंच होते. बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये हे अंतर १०० ते १३० मिलिमीटरच्या आसपास असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. उतार असा सौम्य असेल तर ठेंगणी गाडीही हळूहळू निघून जाते. पण गल्लीबोळांत रातोरात उभे राहणारे गतिरोधक मानक पाहून बांधलेले नसतात. त्यात अप्पर बिबवेवाडीचा चढ आणि पावसाळ्यातील खड्डे धरा. येथे लाखमोलाच्या गाडीचे पोट घासणार हे निश्चित.

उंच गाडीलाही तिचा दोष आहेच. गुरुत्वमध्य वर असल्याने ती वळणावर अधिक कलते. टपावर बोजा बांधून कात्रज किंवा खंबाटकी घाटात ती स्पोर्ट्स कारसारखी पळवणे हा जिवाशी खेळ आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातील ऊर्जा चौपट होते. ब्रेकला तेवढीच ऊर्जा जिरवावी लागते. हा नियम दोन्ही गाड्यांना सारखाच लागू आहे.

वेग वापरणार कोठे?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरचा आहे. सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. म्हणजे ११० अश्वशक्तीची गाडी असो वा २५० ची, कायदा पाळणारा माणूस तासाभराच्या आत पलीकडे पोहोचू शकत नाही. स्वारगेट ते बिबवेवाडी या अंतरात तर गाडीचा वेग सिग्नलच ठरवतो. जादा अश्वशक्तीचे पैसे मोजायचे आणि ती वापरायची नाही, हा कसला व्यवहार?

सुरक्षिततेचा विचार अश्वशक्तीच्या आधी करावा. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे मिळवणारी नेक्सॉन ही पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. त्या वेळी मुलांच्या सुरक्षेसाठी तिला तीनच तारे होते, हेही लक्षात ठेवावे. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपल्या देशाची चाचणी सुरू झाली आहे. कोणतीही गाडी घेताना मुलांसाठीचे तारे वेगळे विचारावेत.

हिशेबाची वही

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. समजा एक गाडी ९ लाखांची, १२०० सीसीच्या आतली आणि चार मीटरपेक्षा कमी लांबीची आहे. दुसरी ३५ लाखांची, दोन लिटरची आहे.

जीएसटी : २२ सप्टेंबर २०२५ पासून पहिल्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के, दुसरीवर ४० टक्के.

रस्ता कर : महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि २० लाखांच्या वर १३ टक्के. म्हणजे एकीकडे सुमारे ९९ हजार, दुसरीकडे सुमारे साडेचार लाख.

विमा : जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये. संपूर्ण विमा गाडीच्या किमतीवर ठरतो, तो फरक आणखी मोठा.

कर्ज : समजा दर ९ टक्के आणि मुदत पाच वर्षे. ८ लाखांच्या कर्जाला महिना सुमारे १६,६०० रुपये हप्ता पडतो आणि एकूण व्याज जवळपास दोन लाख होते. ३० लाखांना हप्ता सुमारे ६२,३०० आणि व्याज सात लाखांवर जाते. व्याज टाळू इच्छिणाऱ्या वाचकांनी उलट हिशेब मांडावा. तेच १६,६०० रुपये दरमहा बाजूला ठेवले तर चार वर्षांत ८ लाख रोख जमतात. ३० लाखांसाठी मात्र पंधरा वर्षे लागतील.

दुरुस्ती : हजारोंनी खपणाऱ्या गाडीचे सुटे भाग नाना पेठेत मिळतात आणि कोपऱ्यावरचा मिस्त्रीही ती जाणतो. मोजक्या संख्येने बनलेल्या गाडीचा एक दिवा फुटला तरी ती महिनोन्महिने उभी राहू शकते. कंपनीने उत्पादन थांबवले की विकायलाही गिऱ्हाईक शोधावे लागते.

व्यवसायाचा धडा

स्पोर्ट्स कारसाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या पोर्शे कंपनीने २००२ मध्ये कायेन ही कुटुंबाची उंच गाडी काढली. चोखंदळ मंडळींनी नाके मुरडली. पण त्या गाडीच्या खपाने कंपनीला मोठा आधार दिला. पुढे लॅम्बोर्गिनीने २०१७ मध्ये आणि फेरारीने २०२२ मध्ये तोच मार्ग धरला. वेगाच्या गाडीने नाव मिळते, कुटुंबाच्या गाडीने गल्ला भरतो, हे या कंपन्यांनीही मान्य केले. गॅरेज किंवा सुट्या भागांचा धंदा करू पाहणाऱ्या आमच्या तरुणांनी यातून बोध घ्यावा. दहा हौशी गिऱ्हाइकांपेक्षा हजार गरजू गिऱ्हाइके धंदा टिकवतात.

तात्पर्य, गाडी घेण्यापूर्वी एका कागदावर चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. रोज किती माणसे बसणार? कोणत्या रस्त्याने जाणार? दरमहा किती रक्कम धंद्याला धक्का न लावता देता येईल? आणि पाच वर्षांनी ती कोण विकत घेईल? ही उत्तरे घरातील सर्वांसमोर वाचावीत. त्यानंतरही ज्याला वेगाची हौस असेल आणि ऐपतही असेल, त्याने ती जरूर पुरवावी. पण दुकानाचे भांडवल गाडीत ओतून हौस करू नये. मालाने भरलेले दुकान दरवर्षी कमाई देते, दारात उभी गाडी दरवर्षी किंमत गमावते.