पिनबॉल यंत्राचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवळासाठी वापरतो. प्रस्तुत लेखात तो एका खेळाच्या यंत्रासाठी वापरला आहे. वाचकांना हे थोडे विचित्र वाटेल, परंतु जुने दुरुस्त करताना काय राखावे आणि काय बदलावे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

पिनबॉल म्हणजे तिरप्या फळीवर दट्ट्याने पोलादी गोळी सोडण्याचा खेळ. ती खुंट्यांवर आपटत खाली येते आणि जिथे आपटेल तसे गुण मिळतात. स्प्रिंगच्या दट्ट्याचे पेटंट अमेरिकेत १८७१ साली माँटेग्यू रेडग्रेव्ह याने घेतले. पुढे शिकागो हे या धंद्याचे माहेरघर झाले. तेथील गॉटलीब कंपनीने १९४७ मध्ये 'हम्प्टी डम्प्टी' यंत्रात गोळी परतवणारे विजेचे हात, म्हणजे फ्लिपर, बसवले. तोवर सारा भरवसा नशिबावर होता; आता कौशल्याला वाव मिळाला. न्यूयॉर्क शहराने मात्र १९४२ मध्येच हा खेळ जुगार ठरवून बंद केला होता. १९७६ मध्ये रॉजर शार्प यांनी नगरसभेच्या समितीपुढे प्रत्यक्ष खेळून दाखवले, तेव्हा ती बंदी उठली. पुढच्या दोन-चार वर्षांत इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली आणि जुन्या विद्युत्-यांत्रिक यंत्रांचे दिवस संपले.

या जुन्या यंत्रात ना ट्रान्झिस्टर, ना संगणक. रिले, विद्युत्चुंबकाच्या कॉइल, एकेक घर पुढे सरकणारी दातेरी चाके आणि एक लहान मोटर, एवढ्यावर सारा कारभार चालतो. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्येही हीच तत्त्वे होती. यंत्राची स्मृती डोळ्यांना दिसते: गुण किती झाले, हे चाक ज्या आकड्यावर उभे असते तेच सांगते.

म्हणूनच बिघाड शोधणे म्हणजे नीट पाहणे व ऐकणे. उदाहरणार्थ, नवा डाव सुरू करताना मोटर फिरते आणि गुणांची सर्व चाके शून्यावर आणते. समजा, मोटर थांबतच नाही. एखादे चाक सातावर अडले आहे, पण त्याची कॉइल टकटक करते आहे, तर विजेचा दोष नाही. जुने ग्रीस वाळून चाक चिकटले असावे. उलट चाक शून्य ओलांडून फिरतच राहिले, तर शून्यावर उघडणारा स्विच उघडत नाही. एकच लक्षण, कारणे दोन. कारण न ओळखता हात घालणारा चांगले असलेले स्विचही वाकवतो आणि एका दोषाचे दहा करतो.

काही पथ्ये सांगितली पाहिजेत. प्रथम वीज तोडावी. वाळलेले ग्रीस अल्कोहोलने पुसावे. रिलेला तेल कधीच लावू नये. स्विचचे चांदीचे कॉन्टॅक्ट बारीक कानशीने हलकेच साफ करावेत. फ्यूज उडाला म्हणून जास्त क्षमतेचा फ्यूज घालणे हा तर अपराधच. फ्लिपर पूर्ण उचलला जाताच एक स्विच उघडून जोराचा प्रवाह तोडतो. तो उघडला नाही, तर बटण दाबून धरताच कॉइल जळते.

आता मूळ प्रश्न. रबराची कडी, जळलेली कॉइल बदलावीच लागते. पण उभ्या काचेच्या मागल्या बाजूवर छापलेले रंगीत चित्र पापुद्रे धरून सुटत असेल, तर काय करावे? त्यावर नवे चित्र रंगवले, तर यंत्र चकचकीत दिसेल, पण मूळ चित्रकाराचा हात नाहीसा होईल. जाणकार उरलेला रंग पारदर्शक लेपाने जागच्या जागी धरून ठेवणे पसंत करतात.

मराठीच्या विद्यार्थ्याला येथे एकनाथांची आठवण होते. त्यांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अशुद्ध पाठ काढायचे, पण आपले शब्द मुळात मिसळायचे नाहीत, हे त्या कामाचे व्रत. लाकडी पेटीतल्या तारा जुळवणाऱ्यालाही हेच व्रत पाळावे लागते. दुरुस्ती करणाऱ्याचे नाव यंत्रावर कोठे दिसत नाही. गोळी पुन्हा धावू लागते, यातच त्याचे श्रेय आहे.