एवढासा तुकडा काय सांगणार? : डॉ. बिशा यांची ओळख



डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली की आपल्यातले पुष्कळ जण तारीख पुढे ढकलत राहतात. वॉर्डात मला नेहमी विचारायचे, "सिस्टर, एवढासा तुकडा काढून काय कळणार?" ज्यांच्यामुळे हे कळू लागलं, त्यांची आज माहिती देते.

झाव्हिये बिशा यांचा जन्म फ्रान्समध्ये 1771 साली झाला. वडील डॉक्टरच होते. 1793 मध्ये ते पॅरिसला येऊन नामवंत सर्जन देसो यांचे शिष्य झाले. इस्पितळाचं नाव ओतेल-दिय. (हॉटेल नव्हे हं, अर्थ 'देवाचं घर'!)

तेव्हा रोग अख्ख्या अवयवाचा मानत. हृदय बिघडलं, आतडं बिघडलं, एवढंच. बिशा म्हणाले, अवयव एकाच वस्तूचा बनलेला नसतो. हृदयच घ्या. बाहेरून पातळ आवरण, मध्ये स्नायू, आतून अस्तर. रोग यातल्या एकालाच धरू शकतो. तसंच पातळ आवरण फुप्फुसांवर आणि पोटातही असतं, म्हणून तिथले आजारही सारख्याच जातीचे. या घटकांना त्यांनी 'तिस्यू' म्हटलं, म्हणजे फ्रेंचमध्ये विणलेलं कापड. आपण टिश्यू म्हणतो तेच. त्यांनी असे 21 प्रकार मोजले, तेही मायक्रोस्कोपशिवाय. त्या यंत्रावर त्यांचा भरवसाच नव्हता. ते शरीराचे भाग उकळून, वाळवून, कुजवून, आम्लात टाकून फरक पाहत. एका हिवाळ्यात सहाशेच्या वर प्रेतं त्यांनी तपासली म्हणतात. रबरी हातमोजे तेव्हा नव्हतेच. तो वास मी ओळखते, म्हणून जास्तच नवल वाटतं.

जुलै 1802 मध्ये ते इस्पितळाच्या जिन्यावरून पडले, ताप चढला, आणि 22 तारखेला गेले. वय अवघं तीस.

पुढे मायक्रोस्कोप सुधारले आणि टिश्यूमधल्या पेशीही दिसू लागल्या. आज तुमचा तुकडा असाच तपासतात. हाताला लागणारी गाठ चरबीची आहे, सुजेची आहे की कॅन्सरची, हे पुष्कळदा तुकडा पाहिल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सर झालाच, असं मुळीच नाही.

जाण्यापूर्वी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. रिपोर्टला दिवस लागतात. किती ते तिथेच विचारून घ्या, आणि तो ऐकायला मुलाला किंवा सुनेला बरोबर न्या.