फरशी कोरडी होती

अण्णा पडले त्या रात्री फरशी कोरडी होती. हे मी आजही सांगते, कारण नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला एकच विचारलं, "बाथरूम पुसून घेतलं नव्हतंस का?" वन्संनी तर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चार लोकांसमोर विचारलं.

अण्णा बाथरूमपर्यंत पोचलेच नव्हते. रात्री अडीचला लघवी लागली म्हणून झटकन उठले आणि पलंगापासून चार पावलांवर कोसळले. उजवा पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेर वळलेलं. शेजारचे काका त्यांना बगलेत धरून उभं करणार होते, मी करू दिलं नाही. अशा वेळी माणसाला ओढून उठवू नका, अॅम्ब्युलन्स बोलवा. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

घरी आल्यावर फिजिओथेरपीला एक मुलगी यायची. अण्णांना उभं करण्याआधी तिने झोपलेल्या स्थितीत बीपी घेतलं : वरचं 142. मग आधार देऊन उभं केलं आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा घेतलं : 108. तिने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकू, पडण्याआधी नवीन गोळी कुठली सुरू झाली होती?"

मी तिथेच खाली बसले. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. बीपीच्या दोन गोळ्या आधीपासून होत्या, झोपेची अर्धी वेगळी. उठल्यावर अण्णांना गरगरतं, हे मी टॅम्सुलोसिन देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः सांगितलं होतं. फाइल पुढे केली, ती त्यांनी उघडली नाही. "वयाचं असतं," म्हणाले आणि बेल वाजवली. ती बेल मी विसरलेले नाही.

उभं राहिल्यावर वरचं बीपी 20 किंवा खालचं 10 ने उतरलं, तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं. सगळ्या डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहा आणि एकाच फिजिशियनला विचारा. मनाने बंद मात्र करू नका, झोपेची तर नाहीच. आमच्या नव्या डॉक्टरांनी ती हळूहळू कमी केली. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पावलं हलवायची, दोन मिनिटांनी उभं राहायचं. लघवीचं भांडं उशाशी ठेवायचं. यात लाज कसली?

बाथरूममध्ये टॉवेलचा दांडा धरायला चालेल असं प्लंबर सांगेल. ऐकू नका. तो माणसाचं वजन पेलत नाही, भिंतीत पक्का बसवलेला कठडाच हवा. सटकणारी पायपुसणी काढा, रात्री मंद दिवा ठेवा, चालणं सोडू देऊ नका. खुर्चीतून उठून 3 मीटर चालत जाऊन परत येऊन बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर पडण्याची वाट बघू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला, तर माणूस बोलता-चालता असला तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

बीपीचे ते दोन आकडे मी वन्संना फोनवर वाचून दाखवले. "असेल," म्हणाल्या. अजूनही घरी आल्या की आधी बाथरूमची फरशी पायाने चाचपतात.