हुरड्याच्या रात्रीची वीज: किती लागते, कुठून आणायची, किती पडते

डिसेंबर लागला, रब्बीची ज्वारी दुधात आली, की सोलापूर, अहिल्यानगर, बीड, संभाजीनगर या पट्ट्यातल्या शेतांवर हुरड्याची बोलावणी सुरू होतात. पूर्वी हा कार्यक्रम सकाळचा असे. आता शहरातली मंडळी दुपारी निघतात, सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि आगटीभोवतीची बैठक रात्री दहापर्यंत चालते. मग यजमानासमोर प्रश्न उभा राहतो: लाइटचं काय? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं, ‘जनरेटर सांगून टाकू.’

माझं मत स्पष्ट आहे. वीस-पंचवीस माणसांच्या घरगुती हुरडा पार्टीला जनरेटरची गरज बहुधा नसते. त्यावर पैसे जातात, आवाजानं बोलणं बुडतं आणि धूर आगटीपेक्षा जास्त झोंबतो. आधी विजेचा हिशेब करायचा, मग साधन ठरवायचं. हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे: वस्तू किती वॉटची आणि किती तास चालणार, यांचा गुणाकार. येतात ते वॉट-तास. असे हजार झाले की एक युनिट.

पंचवीस माणसं, अंधार पडल्यापासून चार तास, असं धरून बघू. नऊ वॉटचे आठ एलईडी बल्ब म्हणजे २८८ वॉट-तास. गाड्या लावल्या त्या बाजूला तीस वॉटचा एक फ्लडलाइट, त्याचे १२०. गाण्यांसाठी मध्यम स्पीकर सरासरी पंचवीस वॉट खातो, त्याचे १००. आठ मोबाइल पूर्ण चार्ज करायचे तर प्रत्येकी वीस धरून १६०. बेरीज ६६८. बॅटरीवरून २३० व्होल्ट करताना पंधरा टक्क्यांच्या आसपास वीज वाया जाते, ती धरली तर आठशे. म्हणजे अख्ख्या रात्रीला एक युनिटही लागत नाही. घरी याच विजेचे दहा-बारा रुपये होतात.

आता या यादीत इलेक्ट्रिक किटली घालून बघा. एक लिटर पाणी उकळायला साधारण ११० वॉट-तास लागतात. पंचवीस जणांचा दोन वेळचा चहा पाच लिटर धरला तर साडेपाचशे वॉट-तास, म्हणजे उरलेल्या सगळ्या सामानाच्या जवळपास. शिवाय किटली एकदम १५०० वॉट ओढते, त्यामुळे लहान पॉवर स्टेशन (बॅटरी-इन्व्हर्टरची पेटी) बटण दाबताक्षणी बंद पडतं. इंडक्शन, पाण्याचा हीटर, सँडविच टोस्टर यांचंही तेच. उष्णता विजेवर करायची नाही, हा या लेखातला सगळ्यांत जास्त पैसे वाचवणारा सल्ला आहे. तोच चहा गॅसवर केला तर पाच-सात रुपयांचा गॅस पुरतो, आणि आगटीत गोवऱ्या पेटलेल्या असतातच. चटण्या घरून वाटून आणा. मिक्सर पाचच मिनिटं चालतो, पण सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो आणि तेवढ्यासाठी मोठा इन्व्हर्टर घ्यावा लागतो. हुरडा, लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं, ऊस यांतल्या कशालाच जागेवर वीज लागत नाही. त्यामुळेच हा कार्यक्रम इतक्या कमी विजेत होतो.

सगळ्यांत स्वस्त वाट

वर्षातून एकदाच शेतावर जाणाऱ्या कुटुंबानं चार्जिंगचे बल्ब घ्यावेत. दुकानात इन्व्हर्टर बल्ब किंवा इमर्जन्सी बल्ब म्हणून मिळतात. आत छोटी बॅटरी असते. घरी होल्डरला लावून पूर्ण चार्ज केले की साधारण तीन-चार तास चालतात. किंमत तीनशे ते सहाशे. बरोबर अडकवायची टोपी येते का, ते खरेदी करतानाच बघा, कारण झाडाच्या फांदीला होल्डर नसतो. शेवटच्या तासात उजेड मंदावतो, म्हणून आठ घेतले तरी सुरुवातीला पाचच लावायचे, तीन राखीव ठेवायचे.

असे आठ बल्ब सुमारे ३,२०० रुपयांचे, चार्जिंगचा एक फ्लडलाइट १,५०० चा, वीस हजार एमएएचच्या दोन पॉवर बँका प्रत्येकी १,८०० च्या. एकूण ८,३०० रुपये. बॅटरीवरचा स्पीकर मंडळींपैकी कोणाकडे तरी असतोच. ना वायर, ना इन्व्हर्टर, ना शॉक बसायची भीती. पार्टी संपली की हेच सामान घरी वीज गेल्यावर कामाला येतं. रात्री पाणी दिलेल्या रानात, ओल्या सऱ्यांमधून लहान मुलं पळत असतात. अशा जागी २३० व्होल्टची वायर न टाकता उजेड होतो, हा मला किमतीपेक्षा मोठा फायदा वाटतो.

पॉवर बँक घेताना आकड्यांकडे नीट बघा. वीस हजार एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा असतो. त्याचे वॉट-तास होतात ७४. त्यात पाच हजार एमएएचचा मोबाइल अडीच ते तीन वेळा चार्ज होतो, चार वेळा नाही. मोठ्या साधनांवरही काही विक्रेते एमएएचमध्येच लाखाच्या घरातले आकडे लिहितात. सरळ विचारा, ‘वॉट-तास किती?’ ज्याला ते सांगता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

पॉवर स्टेशन

हँडल असलेली, आत लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर एकत्र असलेली पेटी म्हणजे पॉवर स्टेशन. पाचशे वॉट-तासांच्या आसपासची पेटी साधारण तीस ते पन्नास हजारांना पडते, हजाराच्या आसपासची साठ हजारांपासून लाखापर्यंत. छापलेल्या क्षमतेपैकी ८५ टक्केच हाती येते असं धरा. त्यामुळे आपल्या ६६८ च्या यादीला पाचशेची पेटी पुरत नाही, हजाराची आरामात पुरते.

वस्तू उत्तम आहे. आवाज नाही, धूर नाही, दोरी ओढायची कटकट नाही. पण फक्त हुरड्यासाठी घेणं मला पटत नाही. सत्तर हजारांची पेटी दहा वर्षं टिकली आणि वर्षातून चार वेळा वापरली, तर दर वेळचे १,७५० रुपये झाले. घरी वारंवार वीज जात असेल, कोणी घरून काम करत असेल, गाडीनं लांबचे प्रवास होत असतील, तर मात्र खर्च वसूल होतो. घेताना बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे का ते बघा. ती दोन-तीन हजार वेळा चार्ज होऊ शकते, जुन्या धाटणीची लिथियम-आयन पाचशे-आठशे वेळांनंतर थकते. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह हवा, नाहीतर पंखा-मिक्सर घरघरतात आणि तापतात. आणि सलग किती वॉट देते तो आकडा वाचा. क्षणभर देऊ शकते तो मोठा आकडा खोक्यावर ठळक छापतात.

ज्यांचं हुरड्याचं केंद्र आहे, दोन महिने दर शनिवार-रविवार पंगती बसतात, त्यांनी पेटीऐवजी सुटं सामान जोडावं. शंभर अँपिअर-तासाची १२ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी पंचवीस हजारांच्या आसपास मिळते. तिच्यात जवळपास १,२८० वॉट-तास बसतात आणि वजन दहा-तेरा किलो असतं. हजार वॉटचा चांगला इन्व्हर्टर सहा ते दहा हजारांना. म्हणजे पेटीच्या निम्म्या खर्चात जास्त वीज. दिवे तर थेट १२ व्होल्टवर चालणारे घ्यावेत, म्हणजे इन्व्हर्टरमधली गळतीही वाचते. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी ट्रॉलीत घालून नेणारे बरेच आहेत. ती पन्नास किलोंहून जड, आत ॲसिड, आणि कच्च्या रस्त्यावर कलंडली तर माणूस भाजतो. नेऊ नका.

सौर पॅनलचं थोडक्यात सांगतो: एका संध्याकाळसाठी त्यावर खर्च करू नका. घरून चार्ज करून नेलेली बॅटरी पुरते. ‘आमच्याकडे सौर पंप आहे’ असं यजमान म्हणाले, तरी निर्धास्त होऊ नका. सौर कृषिपंपाला बॅटरी नसते, सूर्य मावळला की त्यातून एक बल्बही लागत नाही.

गाडीतून वीज

पेट्रोल-डिझेल गाडीच्या सॉकेटचा फ्यूज साधारण दहा ते पंधरा अँपिअरचा असतो. म्हणजे १२० ते १८० वॉट, त्याहून जास्त नाही. मोबाइल आणि चार-सहा बल्ब, एवढंच. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास वीज ओढली तर रात्री गाडी सुरू होत नाही आणि मग शेजारच्या वस्तीवरून ट्रॅक्टर बोलवावा लागतो. इंजिन चालू ठेवलं तर उभ्या उभ्या तासाला पाऊण-एक लिटर इंधन जळतं.

विजेवरच्या काही गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. २०२३ च्या नव्या रूपातली टाटा नेक्सॉन ईव्ही ३.३ केव्हीएपर्यंत बाहेर वीज देऊ शकते, ह्युंदाई आयोनिक ५ साडेतीन किलोवॉटच्या आसपास. आपलं एक युनिट म्हणजे अशा बॅटरीचे दोन-तीन टक्के, परतीच्या वाटेवरचे सहा-सात किलोमीटर. मित्रमंडळींत कोणाकडे अशी गाडी असेल तर प्रश्न फुकटात मिटला. तिचा खास अडॅप्टर घरी राहिला तर मात्र काही उपयोग नाही, तेव्हा निघण्यापूर्वी फोनवर आठवण करून द्या.

जनरेटर लागलाच तर

शंभर-दोनशे माणसं, मोठा साउंड, पडद्यावर सामना, थंड पेयांचा फ्रीझर असा बेत असेल तर जनरेटर घ्यावा लागेल. मग विकत घेऊ नका, भाड्यानं आणा. मंडपवाल्याकडे दोन-तीन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर दिवसाला हजार-दीड हजारात मिळतो. मोठा डिझेलचा, गाडीवर बसवलेला, तीन हजारांपासून पुढे. तालुक्यागणिक आणि लग्नाच्या तिथीगणिक भाव हलतो. ठरवताना इंधन कोणाचं, वाहतूक कोणाची, ऑपरेटर बरोबर येणार का, किती तासांनंतर जादा आकार, हे चारही प्रश्न आधी विचारून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी बोलण्यावर रात्री अकरा वाजता भांडणं होतात.

इंधनाचा हिशेब लोक करत नाहीत, म्हणून तोही करू. साधा जनरेटर भार कमी असला तरी पूर्ण वेगानं फिरतो आणि तासाला पाऊण-एक लिटर पितो. चार तासांत तीन-चार लिटर, लिटरला १०५ रुपये धरले तर तीन-चारशे रुपये, आणि त्यातून आपण वापरणार दोन-तृतीयांश युनिट! इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर भारानुसार वेग कमी करतो. तो दीड-दोन लिटरांत भागवतो आणि आवाजही बराच कमी करतो. भाड्यानं मिळत असेल तर शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन तोच मागा.

इथून पुढचं मात्र काळजीनं वाचा. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो माणसाला झोपेतच मारतो. थंडी आहे म्हणून तंबूत, पत्र्याच्या शेडमध्ये, गोठ्यात किंवा खोलीच्या खिडकीखाली जनरेटर ठेवू नका. माणसांपासून निदान वीस फूट दूर, उघड्यावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. हुरड्याच्या दिवसांत रानात कडबा, पाचट, वाळलेलं गवत असतं आणि सायलेन्सर लालबुंद तापतो. तेव्हा जागा झाडून, मोकळ्या मातीवर. चालू मशीनमध्ये पेट्रोल कधीच ओतू नका. बंद करून थंड होऊ द्या. पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत नाही, धातूच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये आणा, आणि तो कॅन आगटीपासून लांब ठेवा.

तारेवर आकडा टाकायचा विचारही करू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली ती चोरी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे अंधारात काठीनं आकडा टाकताना माणसं जातात. पैसे घेऊन हुरडा पार्ट्या करणाऱ्यांनी शेतीपंपाच्या जोडणीवर दिवे लावले, तर कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. रीतसर मीटर असेल आणि तिथून वायर ओढणार असाल, तर तांब्याची तीन पदरी केबल आणि तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावा. दीड-अडीच हजारांचा हा डबा ओल्या जमिनीवर जीव वाचवतो. आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, शेतावरसुद्धा.

तेव्हा माझा निवाडा असा: तीस माणसांपर्यंत चार्जिंगचे बल्ब आणि पॉवर बँका, खर्च दहा हजारांच्या आत. दर आठवड्याला पंगती असतील तर लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर. त्याहून मोठ्या मेळाव्याला भाड्याचा जनरेटर, जमलं तर इन्व्हर्टर प्रकारचा.

काहीही घेतलं तरी जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घरी सगळं सामान जोडून चार तास चालवून बघा, आणि रात्री पुन्हा पूर्ण चार्ज करा. पॉवर बँकेवर ‘आर’नं सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. दुकानदाराकडून जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घ्या. छापलेली क्षमता खोटी निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.