पुरात टपाल अडकले तर अपिलाची मुदत

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडील रस्ते कित्येक दिवस बंद होते. अशा वेळी फेरफाराविरुद्धचे अपील टपालातच अडकले तर? तहसीलदारांच्या आदेशावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करण्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २५० नुसार ६० दिवस मिळतात. आदेशाची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यातून वगळतात. मात्र पाकीट टपालात टाकले म्हणजे अपील दाखल झाले, असे समजू नये.

शेवटच्या दिवशी सुट्टी असल्यास पुढचा कामकाजाचा दिवस चालतो. खरी अडचण कार्यालय उघडे आणि वाट बंद असते तेव्हाची. त्यासाठी कलम २५१ खाली विलंबमाफीचा अर्ज अपिलासोबतच द्यावा. ‘पुरामुळे उशीर झाला’ एवढे मोघम लिहून भागत नाही. वाट कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद होती ते लिहावे. स्पीड पोस्टची पावती व पुराच्या पंचनाम्याची नक्कल जोडावी.

कोविडकाळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. दर पुराला असा आदेश निघत नाही. मुदत पावसाळ्यात संपणार असेल, तर नदीकाठच्या शेतकऱ्यांनी पेरणीच्या घाईतही एक दिवस काढून अपील हातोहात द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.